फिगर स्केटिंगमध्ये पुरुष खेळाडू 'पात्र रंगवतात' म्हणजे नेमकं काय करतात?

जपानी स्केटर युझुरू हान्यूचा 'सेइमेइ' हा कार्यक्रम बघा. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये याच फ्री स्केटने (स्पर्धेतल्या दुसऱ्या, लांब सादरीकरणाने) त्याच्या सलग दुसऱ्या सुवर्णावर शिक्कामोर्तब केलं. पात्र आहे जपानच्या हेआन काळातला ज्योतिषी-मांत्रिक आबे नो सेइमेइ. सुरुवातीला ऐकू येणारा श्वास हान्यूचा स्वतःचा, रेकॉर्ड केलेला. ही भूमिका पडद्यावर केलेले क्योगेन या पारंपरिक जपानी विनोदी नाट्यप्रकारातले नट नोमुरा मानसाई यांना भेटून त्याने हातांच्या मुद्रा समजून घेतल्या. लांब बसलेल्याला चेहरा कुठला दिसायला! पात्र कळतं ते खांद्यांतून, मनगटातून आणि चार फेऱ्यांच्या उडीनंतरही न मोडणाऱ्या ढबीतून. नुसता भरजरी पोशाख चढवून हात हलवणारेही पुष्कळ आहेत म्हणा. पंचांकडे मात्र अभिनयाचा वेगळा रकाना नाही. रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्य यांतच तो मोजला जातो.