साक्रीकडची बंद दगडखाण घेताना रस्ता, वीज, पाण्याचं काय बघावं?
भाऊ, आधी रस्ता. साक्री तालुक्यातल्या त्या आडबाजूच्या खाणीवर पूर्वी डंपर जायचे म्हणजे रस्ता आहेच, असं धरू नका. बऱ्याचदा तो शेजाऱ्याच्या शेतातून तोंडी बोलीवर चाललेला असतो. खाण बंद, बोली संपली. गटनकाशा हातात घेऊन पायी चालून या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देतात खरे, पण त्यात शेतकऱ्याची शेतात जायची गरज बघतात, तुमचा डंपर नाही. म्हणून शेजाऱ्याशी नोंदणीकृत करारच करा. विजेचे खांब दिसले तरी महावितरणची जुनी थकबाकी तपासा. खड्ड्यातल्या पाण्यावर भुलू नका, मे महिन्यात जाऊन बघा.