खोडलेलं रीडिंग

प्रिय बेटा,

तुझा फोन आला तेव्हा केळीला पाणी सुरू होतं, धड बोलणं झालं नाही. म्हणून आता सावकाश लिहितोय.

०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड १० मिली घेतलंस, तेवढंच ॲसेटिक ॲसिड घेतलंस आणि उदासीन करायला तेवढ्याच ताकदीचा कॉस्टिक सोडा दोघांनाही १० मिलीच लागला. सौम्य आम्लाला कमी लागेल असं वाटून तू वहीत १० खोडून ७ केलंस. बेटा, तुझं रीडिंग बरोबर होतं. चूक झाली ती खोडण्यात.

गोंधळ 'सौम्य' या शब्दाने केलाय. पाणी घालून पातळ केलेल्या ॲसिडलाही आपण बोलताना सौम्य म्हणतो. पण ते विरल. पाण्यात आम्ल किती घातलं, त्यावरून संहत की विरल ठरतं. घातलेल्यापैकी किती रेणू फुटून त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, झाले, त्यावरून तीव्र की सौम्य. तुझ्या दोन्ही चंचुपात्रांत आम्ल सारखंच होतं. हायड्रोक्लोरिकचे जवळजवळ सगळे रेणू फुटलेले होते, ॲसेटिकच्या शंभरातला जेमतेम एक. बाकीचे नव्व्याण्णव अख्खेच, पण संपावर गेलेले नव्हेत. वरून कॉस्टिकचा थेंब पडला की त्यातला हायड्रॉक्साइड आयन पाण्यातला हायड्रोनियम (म्हणजे पाण्याच्या रेणूला चिकटलेला आम्लाचा हायड्रोजन आयन) उचलतो, त्याचं पाणी होतं, आणि रिकामी जागा भरायला आणखी एक रेणू फुटतो. मग पुढचा. दर्शकाचा गुलाबी रंग टिकेपर्यंत हेच चालतं. म्हणून शेवटी हिशेब सारखाच येतो.

आयन होणं म्हणजे काय, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, एक रेझिस्टर आणि जुन्या सेलमधल्या दोन कार्बनच्या कांड्या घे, सगळं एका रांगेत जोड आणि कांड्या पेल्यात एकमेकींना न टेकवता बुडव. डिस्टिल्ड वॉटरमध्ये चमचाभर युरिया विरघळव. पेला हाताला गार लागेल, पण दिवा लागणार नाही. दुसऱ्या पेल्यात पांढरा पोटॅश घाल, दिवा लागतो. दोन्ही खतं आपण ड्रिपमधूनच सोडतो, दोन्ही पाण्यात दिसेनाशी होतात. पण युरियाचा रेणू अख्खाच राहतो. पोटॅशच्या स्फटिकात पोटॅशियम आणि क्लोराइड हे आयन आधीपासूनच असतात, पाणी त्यांना फक्त सोडवतं. हायड्रोजन क्लोराइडचं तसं नाही. त्या वायूत आयन नसतातच, पाण्याशी गाठ पडल्यावर ते तयार होतात. कोरड्या वायूने कोरडा निळा लिटमस लाल होत नाही, तो यामुळेच. पाण्याला नुसतं भांडं समजू नकोस, ते स्वतः या अभिक्रियेत उतरतं.

आयनांची ही कल्पना मांडणाऱ्या स्वान्ते अर्‍हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानेही द्रावणांची विद्युतवाहकताच मोजली होती. १८८४ साली त्याच्या प्रबंधाला उप्साला विद्यापीठाने खालची श्रेणी दिली. त्याने आकडे बदलले नाहीत. १९०३ साली त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं.

आणि 'क्षार म्हणजे उदासीन' हे पाठ केलेलं वाक्य डोक्यातून काढ. आईच्या डब्यातला पापडखार, म्हणजे मुख्यतः सोडियम कार्बोनेट, पाण्यात कालव आणि हळदीच्या डागावर टाक. डाग लालभडक होईल. त्याच्या सूत्रात हायड्रॉक्साइड कुठे आहे? नाहीच. कार्बोनेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन ओढून घेतो, आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो.

ठिबकला पहिल्यांदा ॲसिड ट्रीटमेंट दिली तेव्हा मी पीएच पट्टी फक्त टाकीजवळ बुडवली होती. पट्टी लाल झाली आणि मी निश्चिंत झालो. आठवड्याने पाहतो तर शेवटचे ड्रिपर तसेच बंद. विहिरीच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटने आणि नळ्यांतल्या पांढऱ्या थराने वाटेतच ॲसिड संपवलं होतं. तेव्हापासून पट्टी शेवटच्या ड्रिपरखाली धरतो. तिथे ४ च्या आसपास रंग आला की मोटर बंद करतो, नळ्या रात्रभर तशाच ठेवतो आणि सकाळी टोकं उघडून धुतो.

आखाजीला येशील तेव्हा यंदाची ट्रीटमेंट तू कर. चष्मा, हातमोजे मी काढून ठेवतो. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, थोडं थोडं. उलटं कधीच नाही. आणि उद्या सरांकडे जाऊन ते ७ खोड, १० लिही आणि शेजारी सही कर.

तुझा,
काका