उशिरा आली ती प्रसिद्धी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. पस्तिशी उलटली, अभिनयात अजून नाव झालं नाही, मुंबई सोडून घरी परतू का, असं तू विचारलंस. आणि लगेच स्वतःची समजूतही काढलीस, की अभिनेत्री सुरेखा सिक्रींनासुद्धा साठीनंतरच यश मिळालं. तिथंच मला तुला अडवायचंय.

'बालिका वधू' ही मालिका २००८ साली सुरू झाली तेव्हा त्या ६३ वर्षांच्या होत्या आणि त्यातली त्यांची दादीसा, म्हणजे घरातली करारी आजी, घराघरांत पोचली, हे खरं. पण त्याआधीचं बघ. १९७१ साली त्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडल्या, तिथल्याच रेपर्टरीत, म्हणजे विद्यालयाच्या नाटकमंडळीत, दहाएक वर्षं नाटकं केली. 'तमस'मधल्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार, मग 'मम्मो' चित्रपटासाठी दुसरा. दादीसा व्हायच्या कितीतरी आधी. उशिरा आली ती प्रसिद्धी, काम नव्हे.

त्यांच्या 'बधाई हो' चित्रपटातला लग्नघरातला प्रसंग पुन्हा बघ. तोवर धाकट्या सुनेला टाकून बोलणारी त्यांची आजी तिची बाजू घेऊन थोरल्या सुनेवर आणि लेकीवर उलटते. मी आजारी होते तेव्हा माझं कुणी केलं, हे सगळ्यांदेखत विचारते. भाषा अस्सल मेरठकडची. याच बाईंची दादीसा राजस्थानी ढंगात बोलायची. तिसरा राष्ट्रीय पुरस्कार 'बधाई हो'मधल्या या आजीचाच. हा कान एका मालिकेत तयार होत नाही गं. तू आईच्या गावची बोली बोलायला लाजतेस, ते आधी सोड. डेली सोपमध्ये सीन हातात पडतो तो मेकअपच्या खुर्चीत. तेव्हा मुरलेलंच कामी येतं.

खोटी आशा मात्र दाखवणार नाही. तितक्याच ताकदीच्या कितीतरी बायकांच्या वाट्याला दादीसा आलीच नाही. म्हणून 'माझं कधी होणार' हे विचारू नकोस. दोन वर्षांपूर्वीपेक्षा आज तुझं काम बरं आहे का, ते बघ. आणि पैशाचं चोख ठेव. मालिकेचे चेक नव्वद-नव्वद दिवसांनी येतात, तोवर घरभाडं थांबत नाही. डबिंग कर, मुलांची नाट्यशिबिरं घे. त्यात कमीपणा नाही.

२०२० मध्ये कोरोनाच्या नियमांमुळे महाराष्ट्रात ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर जायला बंदी होती. पक्षाघातातून सावरत असलेल्या सुरेखाजींनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं, मला मदत नको, काम हवंय. त्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. पुढच्या जुलैत त्या गेल्या. तीन राष्ट्रीय पुरस्कार घरात असलेली बाई पंचाहत्तरीत काम मागत होती, आणि तुला पस्तिशीत एका कास्टिंगवाल्याला पुन्हा फोन करायला संकोच वाटतो!

घरी परतायचं असेल तर खुशाल परत, मी नावं ठेवणार नाही. पण वय झालं म्हणून नको. तो सासूच्या भूमिकेचा ऑडिशनचा उतारा नाकारलास म्हणे. अजून जागा भरली नसेल तर आजच कळव, आणि रविवारी तो पाठ करून माझ्याकडे ये.

तुझी,
ताई