प्रश्नोत्तरे : शिकवायला टीव्ही लावताना

बहुतेक पत्रांत एकच विचारणा असते, "कोणतं चॅनेल लावू?" रिमोट कोणाच्या हातात असावा, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. त्याच्यासाठी कोणतं चॅनेल?

पीएम ई-विद्या या केंद्र सरकारच्या शैक्षणिक उपक्रमातल्या पहिल्या बारा टीव्ही चॅनेलांची मांडणी 'एक इयत्ता, एक चॅनेल' अशी आहे, त्यात सातवीचंही आहे. पण तिथले पाठ एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेले आणि मुख्यतः हिंदी-इंग्रजीत असतात. बालभारतीचा धडा त्याच क्रमाने, त्याच महिन्यात येईल अशी अपेक्षा ठेवू नका. शाळेत सध्या काय चाललंय ते वर्गशिक्षकांना विचारा आणि तेवढ्याच घटकापुरता टीव्ही लावा.

प्रश्न : डीडी फ्री डिशला दरमहा पैसे पडतात का? आमच्याकडे शैक्षणिक चॅनेल दिसत नाहीत.

पैसे पडत नाहीत. छत्री, एलएनबी (छत्रीवरचा सिग्नल पकडणारा भाग) आणि बॉक्स यांचा एकदाच खर्च. बॉक्स जुन्या एमपीईजी-2 पद्धतीचा असेल तर एमपीईजी-4 या नव्या पद्धतीने येणारी चॅनेल त्यावर दिसणारच नाहीत. नवा असेल तर चॅनेल पुन्हा स्कॅन करा. कोणी 'रिचार्ज' मागितला तर कशाचा, ते लेखी मागा.

प्रश्न : लोकवर्गणीतून शाळेला 43 इंची टीव्ही मिळाला. वर्गात 38 मुलं. मागची चुळबुळ करतात.

चुळबुळ नाही करणार तर काय, त्यांना अक्षर दिसत नाही! साधा हिशेब आहे : सर्वांत मागचं मूल चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको. 43 इंची पडद्याची उंची साधारण 53 सेंमी, म्हणजे जेमतेम सव्वातीन मीटर. 55 इंचीला हेच अंतर चार मीटरच्या आसपास जातं. तेव्हा वर्गाचे दोन गट करा; एक गट पाहील, दुसरा वहीत काम करेल, मग अदलाबदल.

मुलं जमिनीवर बसत असतील तर पडद्याची खालची कड पुढच्यांच्या डोक्यांवरून दिसेल इतकी वर हवी, आणि पडदा किंचित खाली झुकलेला. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर टीव्ही लावू नका, उजेडाची तिरीप थेट काचेवर येते. आवाजासाठी वेगळा स्पीकर घ्याच. टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात आणि पत्र्यावर पाऊस सुरू झाला की काहीच ऐकू येत नाही.

आणखी एक. जुने 4:3 म्हणजे जवळपास चौकोनी चित्राचे कार्यक्रम रुंद पडद्यावर ताणले जातात. पाठ वर्तुळाचा आणि पडद्यावर अंडं! सेटिंगमध्ये पिक्चर साइज 4:3 करा. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या. भिंतीवर टांगण्याआधी वायरिंग आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

प्रश्न : एक प्रतिनिधी 18 हजारांचं 'स्मार्ट टीव्ही अभ्यास किट' देतोय. गुणवाढीची हमी आहे. घ्यावं का?

हमी देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तरीही मोह होत असेल तर चार गोष्टी विचारा. धडे कोणत्या वर्षीच्या पाठ्यपुस्तकावर आहेत? पुस्तक बदललं तर काय? इंटरनेटशिवाय चालतं का? पेन ड्राइव्ह बिघडला तर बदलून कोण देणार? डेमोचा चकचकीत धडा नको, मधलाच एखादा पूर्ण पाहा, तोही विषयशिक्षकांसोबत. दीक्षा या सरकारी ॲपवरचे धडे आणि पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचं साहित्य मोफत आहे, ते आधी वापरून संपवा. हप्त्याच्या कागदावर त्याच दिवशी सही नको.

प्रश्न : मुलगी रोज अर्धा तास विज्ञानाचा कार्यक्रम बघते. विचारलं तर "सगळं समजलं" म्हणते. चाचणीत मात्र काही लिहिता येत नाही.

कारण ती बघते आहे, शिकत नाही. टीव्हीवर चित्र, आवाज, स्पष्टीकरण सगळं तयार मिळतं, म्हणून समजल्यासारखं वाटतं. गॅव्रिएल सॉलोमन या मानसशास्त्रज्ञाने 1984 मध्ये हेच दाखवलं : मुलं टीव्ही 'सोपा' आणि छापील मजकूर 'अवघड' मानतात, त्यामुळे टीव्हीसमोर डोकं कमी चालवतात आणि तर्क करायची वेळ आली की कमी पडतात. दोष मुलीचा नाही, तिला एकटीला बसवण्याचा आहे.

उद्यापासून असं करा. लावण्याआधी दोन प्रश्न वहीत लिहायला सांगा. समजा पाठ विद्युत परिपथाचा आहे. पडद्यावरची बाई बटण दाबायला हात पुढे करते, तिथेच थांबवा आणि विचारा : "बल्ब लागेल? का?" चुकीचं उत्तरही चालेल, पण उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. दहा मिनिटांच्या तुकड्यात दोन-तीन थांबे पुरेत. मग टीव्ही बंद. परिपथ न बघता काढायचा, सेलची धन आणि ऋण टोकं दाखवून. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा. हा दुसरा दिवस सगळे टाळतात, आणि विसरणं तिथेच सुरू होतं.

थेट प्रक्षेपण थांबवता येत नाही, ही सबब चालणार नाही. स्वयंप्रभा या केंद्र सरकारच्या शैक्षणिक चॅनेलांवर रोज किमान चार तासांचा नवा मजकूर असतो आणि तोच दिवसात आणखी पाच वेळा दाखवतात. पहिल्यांदा तुम्ही पाहा, कुठे प्रश्न विचारायचे ते टिपा, नंतर मुलीला घेऊन बसा आणि त्या जागी आवाज बंद करून विचारा. नुसता संच ठेवला की शिक्षण होतं, असं 1975-76 च्या 'साइट' या उपग्रह-टीव्हीच्या प्रयोगातही कोणी मानलं नव्हतं. सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत उपग्रहावरून कार्यक्रम पोहोचले, त्यात प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षणही होतं. महिनाभर हे करूनही लिहिता येत नसेल तर अडचण वाचनाची की लेखनाची, ते विज्ञानाच्या शिक्षकांकडून तपासून घ्या.

प्रश्न : अडीच वर्षांचा मुलगा टीव्ही बघून इंग्रजी रंग, एबीसीडी म्हणतो, पण "पाणी दे" म्हणत नाही. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात.

सासूबाईंचा मान ठेवा, सल्ला नको. एबीसीडी म्हणणं हे पाठांतर आहे. मागणं, नाकारणं, बोलावणं ही भाषा. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको, दोन ते पाच वयात जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत, असं भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सांगते. टीव्ही बंद करून 'बघू, सहा महिन्यांनी' असंही करू नका. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि श्रवणचाचणीचा आग्रह धरा. अनेक जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं) असतं, तिथे चौकशी करा.

प्रश्न : गाण्याखाली त्याच भाषेत शब्द दिसले तर वाचन सुधारतं का?

हो, निदान अक्षरओळख झालेल्यांचं. आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारींनी 1996 पासून याच कल्पनेवर काम केलं. पण गाणं मराठी आणि अक्षरं इंग्रजी असतील तर मराठी वाचन सुधारणार नाही.

प्रश्न : जवळून टीव्ही बघितल्याने चष्मा लागतो का?

उलटही असू शकतं : नीट दिसत नाही म्हणून मूल जवळ जातं. डोळे तपासून घ्या.