फुलोरा भरघोस, फळ नाही

प्रश्न : ऐन उष्म्यात माझी टोमॅटोची झाडे हिरवीगार असतात, फुलोराही भरपूर येतो, पण फुले देठाशी पिवळी पडून गळतात. एखाद्या झाडावर मात्र चार-दोन फळे धरतात. त्याच झाडांचे बी दरवर्षी राखत गेलो, तर उष्णता सोसणारे वाण तयार होईल का? मूळ बियाणे हायब्रीड आहे.

उत्तर : होऊ शकते. पण नुसते बी राखून नव्हे, तर निवड कशाची करायची हे ओळखून.

झाड हिरवे आहे म्हणजे ते उष्णता सोसते, असे धरू नका. टोमॅटोत सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे परागकण. फूल उमलण्याच्या साधारण आठ ते तेरा दिवस आधी, कळी बारीक असतानाच, परागकोशात (पराग तयार होणाऱ्या पिशवीत) ते घडत असतात. नेमका तेव्हा कडक उष्मा झाला, तर परागकोशाचे आतले पोषक अस्तर अवेळी खचते, वाढत्या परागकणांना साखर पुरत नाही आणि ते पोकळ राहतात. म्हणजे आज गळालेल्या फुलाचे नुकसान आठवड्यापूर्वीच झालेले असते, आणि आपण मात्र आजच्या उन्हाला बोल लावतो.

मी आधी विचारतो, तुमच्याकडे रात्री पारा किती उतरतो? वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी 1944 सालीच दाखवले होते की टोमॅटोला भरपूर फळ धरायला रात्रीचे तापमान साधारण 15 ते 20 अंश लागते. त्यावर रात्री तापू लागल्या की नेहमीच्या वाणांची फळधारणा घटते. म्हणून नोंदवहीत कमाल तापमानाशेजारी किमान तापमानही लिहा. माझ्या मते तो रकाना जास्त महत्त्वाचा.

आता ती फळ धरलेली झाडे. ती खरोखर सोशिक असतील, किंवा त्यांच्या कळ्या नेमक्या दोन-चार गार रात्रींत घडल्या असतील, किंवा ती बांधाच्या सावलीत असतील. फळधारणेवर हवामानाचा इतका पगडा असतो की एकट्या झाडावरून केलेली निवड हमखास फसवते. प्रत्येक झाडाचे बी वेगळे ठेवा आणि पुढच्या उष्ण हंगामात एकेका झाडाच्या संततीची स्वतंत्र ओळ लावा. जमल्यास प्रत्येक ओळ दोन-तीन ठिकाणी. मग निवड झाडाची नाही, आधी ओळीची करायची आणि चांगल्या ओळीतले चांगले झाड नंतर.

आणखी एक मेख आहे. उष्म्यात टोमॅटोची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे टोक, बऱ्याचदा परागकोशांच्या नळीबाहेर डोकावते. मग स्वतःचे पराग तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत, पण कीटक शेजारचे आणून देऊ शकतात. एरवी टोमॅटो स्वपरागित म्हणून आपण निर्धास्त असतो; इथे तसे राहता येत नाही. निवडायच्या झाडावरचे एक-दोन घोस कळी असतानाच पातळ जाळीच्या पिशवीत बांधा आणि सकाळी हलके टिचकी मारत जा. पिशवीतही फळ धरले, तर ते झाड कामाचे. फळ कापून बियाही बघा. फळ आहे पण बी जवळजवळ नाही, अशी झाडे निघतील. पैदासकारांना त्यांचेही मोल आहे. रशियातल्या 'सेव्हेरियानिन' या वाणाचा बी न धरता फळ देण्याचा गुण त्यांनी संकरासाठी वापरला. पण बियाच नसतील तर तुमची पुढची पिढी कुठून येणार?

मूळ हायब्रीड आहे याची चिंता नको. त्याच्या संततीत झाडे नाना तऱ्हेची निघतील आणि निवडीला तेच हवे असते. पाच-सहा पिढ्यांत ओळी बऱ्यापैकी एकसारख्या होतात. मात्र त्या हायब्रीडच्या दोन्ही पालकांत उष्णता सोसण्याचा गुण नसेल, तर निवड करून तो येणार नाही. मग सोशिक वाणाशी संकर करावा लागेल. तो गार हंगामात करा, पारख उष्ण हंगामात. सोशिक वाणांची फळे बहुधा लहान असतात आणि मोठे फळ व सोशिकपणा एकत्र आणताना भल्याभल्यांची दमछाक होते. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने 1970च्या दशकापासून टोमॅटो आणि चिनी कोबीत हे काम चालवले आहे. त्यांच्या सोशिक ओळी अनेक देशांत संकराचे पालक म्हणून वापरल्या गेल्या.

हे काम प्रयोगशाळेपुरतेच आहे असे वाटत असेल, तर फुलकोबी आठवा. 1822 साली तिचे बी इंग्लंडहून सहारनपूरच्या बागेत आले. थंड हवेतले हे पीक, तिथल्या उष्म्यात नुसता पाला वाढवणारे. ज्या झाडांना गड्डा धरला त्यांचेच बी माळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले, आणि त्यातून 20 ते 27 अंशांत गड्डा देणारी लवकरची भारतीय फुलकोबी उभी राहिली. अर्थात फुलकोबी परपरागित, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागांवर बी धरणारी. तिच्यात एकेक झाड वेगळे काढण्यापेक्षा अनेक चांगल्या झाडांचे बी एकत्र ठेवणे बरे.

प्रश्न : उष्णता सोसणाऱ्या वाणाला पाणी कमी दिले तर चालते का?

उत्तर : नाही. हे दोन गुण वेगळे आहेत. मुळाशी ओल असेल तर पान बाष्प सोडून स्वतःला हवेपेक्षा काही अंश गार ठेवू शकते. पाणी तोडले की पर्णरंध्रे (पानावरची बारीक छिद्रे) मिटतात, पान तापते आणि सोशिक वाणही फुले टाकते. निवडीच्या वाफ्यात तर पाण्याची हयगय मुळीच नको, नाहीतर झाड उष्म्याने हरले की तहानेने, हे तुम्हाला कळणारच नाही.