जुन्या पिकअपच्या ब्रेकची हवा घरी काढताना

भाऊ, हवा काढायला बसण्याआधी मागच्या ड्रमचे लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) ॲडजस्ट करून घे. लायनर ड्रमपासून लांब असले की पेडल खाली जातं आणि आपण उगाच हवेला दोष देतो.

निप्पलवर (चाकामागचा हवा सोडायचा छोटा स्क्रू) आदल्या रात्रीच गंज सुटायचं तेल मारून ठेव आणि सहा कोनी रिंग पानाच लाव. फिक्स पान्याने माझ्या निप्पलचे कोन गोल झाले, जोर लावल्यावर ते मोडलं आणि ते ज्यात बसतं तो चाकातला अख्खा व्हील सिलिंडर बदलावा लागला.

इंजिन बंद, चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा). सुरुवात मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) सगळ्यात लांबच्या चाकाने. आपल्याकडे ते बहुतेक मागचं डावं. निप्पलला लावलेल्या पारदर्शक नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेव. आत बसलेला माणूस पेडल दाबून "धरलं" म्हणाला की निप्पल पाव आटा सोड. त्याला पेडल "सोड" मात्र निप्पल आवळल्यावरच म्हण; घाई केलीस तर हवा परत आत. आधी काळपट ऑइल येतं, मग बारीक बुडबुडे, शेवटी स्वच्छ धार.

पेडल तळापर्यंत दाबू देऊ नकोस, खाली लाकडाचा ठोकळा ठेव. जुन्या मास्टरच्या खालच्या भागात गंज असतो, तिथे आतले रबरी वॉशर घासून फाटतात. मास्टरवरच्या डबीतलं ऑइल दर पाच-सहा पंपांनी बघ. ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं, सीलबंद डब्यातलंच घे. उघडा डबा हवेतलं पाणी शोषतो.

पेडल कडक लागलं तरी आधी अंगणातच हळू चालवून बघ.