डॉक्टरांना इंग्रजीत लक्षणे कशी सांगावीत?

पुण्यात शिकायला आल्यावर मराठी न समजणाऱ्या डॉक्टरांना इंग्रजीत दुखणे कसे सांगावे, असे आपण विचारले आहे. पहिली अडचण वाक्यरचनेची असते. मराठीत ताप आपल्याला ‘येतो’ आणि सर्दी ‘होते’. इंग्रजीत मात्र ती आपल्याजवळ ‘असतात’, म्हणून ‘आय हॅव अ फीव्हर’, ‘आय हॅव अ कोल्ड’ असे म्हणावे.

खरी कसोटी ‘पित्त’ या शब्दाची आहे. कोथरूडच्या एका दवाखान्यात माझ्या आत्याने शब्दकोशातला ‘बाइल’ हा शब्द वापरला आणि डॉक्टर पित्ताशयाबद्दल विचारू लागले, तेव्हा तिने बाही वर सरकवून दंडावरच्या लाल गांधी दाखवल्या. अशा गांधींना ‘हाइव्ज’ म्हणतात. जेवणानंतर छातीत जळजळत असेल, तर ‘हार्टबर्न’ म्हणावे. चक्कर येण्याचेही असेच आहे: भोवतालचे सारे गरगर फिरत असेल, तर ‘द रूम इज स्पिनिंग’ म्हणावे आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन शुद्ध हरपेल असे वाटत असेल, तर ‘आय फील फेंट’, कारण या दोन तक्रारींची कारणे बहुधा वेगळी असतात आणि तपासणीची दिशाही त्यावरून ठरते.

‘सिन्स थ्री डेज’ आपल्याकडे सर्रास ऐकू येते, परंतु कालावधीसाठी ‘फॉर थ्री डेज’ आणि सुरुवातीच्या दिवसासाठी ‘सिन्स मंडे’ हेच योग्य होय. एखादा शब्द अडलाच, तर संकोच न करता दुखरी जागा बोटाने दाखवून ‘इट हर्ट्स हिअर’ म्हणावे.